‘हाई काय शे?’ : आजचं शिल्प समजून घ्यायचं तर

डिसेंबर २०२५ मध्ये राम सुतार गेले आणि काही दिवस धुळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा शिल्पकलेच्या गप्पा झाल्या. साहजिकच होतं ते. गोंदूर हे त्यांचं गाव, धुळ्याला लागून, विमानाची धावपट्टी आहे तेच. १९ फेब्रुवारी १९२५ ला तिथल्या एका सुताराच्या घरी जन्मलेला मुलगा मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकला आणि जगातला सर्वांत उंच पुतळा पुढे त्याच्या हातून आकाराला आला. अशा माणसाचा अभिमान वाटायला कलेतलं काही कळावं लागत नाही.

त्याच गप्पांत एका जिभाऊंनी (आमच्याकडे थोरल्या माणसाला असं म्हणतात) मोबाइल माझ्यापुढे धरला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. पडद्यावर एक अवाढव्य कवटी होती, स्टीलच्या बादल्या, डबे, तांबे, ताटल्या रचून केलेली.

“हाई काय शे, सर?” जिभाऊ म्हणाले. अहिराणीत म्हणजे, हे काय आहे? “सुतार बाबांचं काम समजतं. गांधीजी केले तर गांधीजीच दिसतात. हे तर भांडेवालीची पाटी उलटी केल्यासारखं वाटतं. आणि कोटीत इकलं जातं म्हणे.”

उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र खरा होता आणि तो एकट्या जिभाऊंचा नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

हाताच्या चार क्रिया

शिल्प करायचे मार्ग मोजके आहेत: कोरणं, घडवणं, ओतणं आणि जोडणं. बाकी सगळं यांच्या पोटात येतं.

कोरणं म्हणजे नको तेवढं काढून टाकणं. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्या जळगावपासून जवळच, अजिंठ्यात आहे. पाथरवटांनी बेसाल्टचा डोंगर आत आत पोखरत नेला आणि बुद्ध तेवढा मागे ठेवला. सव्विसाव्या लेण्यातला निजलेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे. तो कुठून आणून ठेवलेला नाही, तो डोंगरच आहे. कोरण्यात चूक परत घेता येत नाही. नाकाचा टवका उडाला की उडाला.

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेला एक ठेंगणा, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेलं आहे की हा कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराचं नाव हाती लागणं दुर्मिळच. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की एका सोनाराने दगडाला हात घातला. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाने तो यक्ष एकदा तरी पाहायला हवा.

घडवणं याच्या बरोब्बर उलट. मातीत भर घालत जायची, जास्त झालं तर काढायचं, पुन्हा लावायचं. पोळ्याचे बैल, भुलाबाई आणि तिच्या शेजारचा शंकरोबा, सगळं या हातचं. माती चूक पोटात घालते, म्हणून शिकायला माती. ओतणं म्हणजे पातळ धातू साच्यात घालून गोठवणं. त्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

जोडणं मात्र कलेत नवीन, शंभरएक वर्षांचं. तयार वस्तू घ्यायच्या आणि एकमेकींना लावायच्या. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट घेतली, तिच्यावर हँडल बसवलं आणि बैलाचं मुंडकं तयार झालं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. पोळा साजरा करणाऱ्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: बैल दिसला तरी सीट सीटच राहते आणि हँडल हँडलच. जिभाऊंच्या कवटीचं उत्तर याच गोष्टीत आहे. तिथे पोचायच्या आधी आपल्या ओळखीचा चौकातला पुतळा आतून बघू.

पुतळा आतून पोकळ असतो

पुतळा भरीव असतो असं बहुतेकांना वाटतं. तो पोकळ असतो आणि त्याचा पत्रा पुष्कळदा काही मिलिमीटर जाडीचाच असतो.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं, त्यात कथील आणि बऱ्याचदा थोडं जस्त-शिसं. शंभरात पंच्याऐंशी भाग तांबं हे पुतळ्याच्या कामातलं नेहमीचं प्रमाण. पण शिल्पकाराचा हात आधी ब्राँझला लागतच नाही. तो लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतो आणि त्यावर माती चढवतो. चेहरा, बोटं, धोतराच्या चुण्या, जे काही घडायचं ते या मातीत घडतं. महाराष्ट्रात सार्वजनिक पुतळा उभारायचा तर या मातीच्या नमुन्यालाच कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते.

मातीवरून प्लॅस्टरचा साचा निघतो. साच्याला आतून मेणाचा पातळ थर देतात. ब्राँझ जेवढं जाड हवं तेवढाच हा थर. मग मेणाच्या आत आणि बाहेर आच सोसणारं मिश्रण भरून सगळं भट्टीत घालतात. मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या जागी तंतोतंत मेणाच्याच आकाराची पोकळी राहते. ओल्या चिखलात काठी रोवून अलगद उपसली की कशी काठीच्या मापाची जागा राहते, तसं. त्या पोकळीत हजार अंशांहून तापलेलं ब्राँझ ओततात. थंड झालं की साचा फोडायचा. मोठा पुतळा असा तुकड्या-तुकड्यांनी ओतून वेल्डिंगने जोडतात, सांधे घासून लपवतात आणि शेवटी रसायनं लावून, आच देऊन त्याला रंग आणतात.

जुन्या संस्कृत ग्रंथांत याला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधमाश्यांनी मागे ठेवलेलं मेण. बस्तरचे आदिवासी कारागीर याच रीतीने ढोकरा मूर्ती ओततात. म्युनिकमध्ये शिकून आलेल्या मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) पुन्हा विद्यार्थी होऊन बस्तरच्या या कारागिरांकडे गेल्या होत्या. त्यांच्या ब्राँझवर मेणाच्या दोऱ्यांचे, बोटांचे ठसे दिसतात, कारण ते त्यांनी मुद्दाम घासून टाकले नाहीत.

राम सुतारांच्या हातून तर यातलं जवळपास सगळं गेलं. घरात वडिलांची वाकस आणि पटाशी. १९५४ पासून चार वर्षं पुरातत्त्व खात्यात, अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या शिल्पांची डागडुजी. मग मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर चंबळ नदीची ४५ फुटी मूर्ती, आणि तीही काँक्रीट कोरून. ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’च्या, म्हणजे सरदार पटेलांच्या त्या सर्वांत उंच पुतळ्याच्या, झगमगाटात ही चंबळ मागे पडते याचं मला वाईट वाटतं. दोन लेकरांना जवळ घेतलेली आई, म्हणजे एक नदी आणि तिच्या काठची दोन राज्यं. धरणावर काँक्रीटमधूनच नदीची देवता काढायची, ही कल्पना मोठी आहे.

दुप्पट उंच म्हणजे आठपट जड

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात पुतळा समितीने मला सल्ल्याला बोलावलं होतं. सहा फुटांचा ठरला होता. तेवढ्यात शेजारच्या गावाने नऊ फुटांचा ठरवला, म्हणून आता यांना बारा फुटी हवा होता. “दुप्पट वर्गणी काढू,” एक नाना म्हणाले.

मी त्यांना केळीच्या खोक्यावरून सांगितलं. एका खोक्याच्या लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या तर त्यात जुनी दोन नव्हे, आठ खोकी मावतात. भरीव वस्तूचं वजन असंच वाढतं. पोकळ पुतळ्यात थोडी सवलत मिळते, पत्रा तेवढाच जाड ठेवला तर ब्राँझ चौपट लागतं. पण उंच पुतळ्याला तेवढाच पत्रा पुरत नाही, आतला सांगाडा दणकट लागतो, आणि वारा आहेच. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात त्या का? पानं रुंद, घड जड, तो वर लोंबतो, आणि खोड मऊ. शेतकरी टेकू देतो. पुतळ्यालाही टेकू लागतो, फक्त तो आत लपवलेला असतो.

हा आतला टेकू केवढा असतो याचा अंदाज आपल्याला नसतो. बंगळूरच्या विमानतळावरचा केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा सुतारांचाच. त्यात ब्राँझ ९८ टन आणि पोलाद १२० टन. म्हणजे दिसतो त्यापेक्षा न दिसणारा भाग जड. सरदारांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यात तर काँक्रीटचे दोन मनोरे आहेत आणि सुमारे १७०० टन ब्राँझ ही वरची कातडी. ताशी १८० किलोमीटरचा वारा सोसेल असं त्याचं गणित आहे. पुतळा डोलायला लागला तर आवरायला आत अडीचशे टनांची दोन वजनं बसवली आहेत. झोका पुढे येताना कुणी उलटा रेटा दिला की तो मंदावतो, तेच काम ही वजनं करतात.

हे सगळं शिल्पकलेत मोजायचं का? माझ्या मते हो. पुतळा उभा राहणं हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला तेव्हा कोट्यवधी माणसांना जे लागलं, ते धातूचं नुकसान म्हणून नव्हतं. आतल्या सांगाड्याचा गंज आणि जोडकामातले दोष यांच्या बातम्या नंतर आपण वाचल्या. त्याच जागी मे २०२५ मध्ये उभा राहिलेला पुतळा सुतारांच्या कार्यशाळेतून आला.

तांबं-लोखंडाचं वैर समजून घ्यायला आपल्याकडची कल्हई आठवा. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा, दोघांची गाठच पडू द्यायची नाही. पुतळ्यात ब्राँझ आणि साधं लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की तिथे एक बारीकशी बॅटरी तयार होते. त्यात झिजतं ते लोखंड. ब्राँझ बाहेरून तसंच चकचकीत, आतला टेकू मात्र पोखरत जातो. न्यू यॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचं हेच झालं होतं. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या मूर्तीत तांब्याची कातडी आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये विलग ठेवणारा थर होता. तो विरला, लोखंड गंजून फुगलं आणि १९८४ ते १९८६ या काळात सांगाड्याच्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या.

आपल्याकडे खारा वारा नाही, पण ऊन आहे. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत धातूच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात दहा मीटर ब्राँझ सुमारे नऊ मिलिमीटर वाढतं, पोलाद सहा. दोघांना वेगवेगळं वाढायला जागा ठेवली नाही तर सांधे कुरकुरणारच. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हे शिकवायला नको.

त्या गावात शेवटी फायबरचा पुतळा बसला. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची जाळी आणि तिच्यावर राळ, थरावर थर. माठावर कागदाचे तुकडे चिकटवून बायका टोपल्या करायच्या तशीच रीत. हलकं, स्वस्त, बारकावे छान येतात. पण उन्हात वरची राळ पांढुरकी पडते, भेगा जातात, दर काही वर्षांनी रंगवावं लागतं. फायबर वाईट असं मी म्हणणार नाही. त्याला ब्राँझचा रंग फासून ब्राँझ म्हणून उभं करणं मात्र मला पटत नाही.

आता जिभाऊंची कवटी

इथपर्यंत आपण पाहिलं ते सामान कामाचं होतं, पण गप्प होतं. मातीची जागा मेणाने घेतली, मेणाची ब्राँझने, तरी गांधीजी तेच राहिले. पुतळ्यापुढे आपण विचारतो, ‘कोणाचा?’ आजची बरीच शिल्पं आपल्याकडून दुसराच प्रश्न मागतात: ‘कशाचं?’ आणि लगेच पुढचा, ‘त्याचंच का?’

हा प्रश्न आपल्याला परका नाही. गणपती तोच, सोंड तीच, तरी शाडूचा आणायचा की पीओपीचा यावर घराघरांत वाद होतो. पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, शाडूची विरघळते. म्हणजे सामान बदललं की मूर्तीचं आपल्याशी असलेलं नातं बदलतं, हे आपण मानतोच.

ती कवटी सुबोध गुप्ता यांची, २००६ मधली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘फार भुकेला देव’. संगमरवराची असती तर ती नुसती मरणाची खूण झाली असती. भांड्यांची झाली आणि मरणाच्या जोडीला भूक आली. भांडी रिकामी आहेत हे विसरू नका. गुप्ता १९६४ चे, पाटण्याजवळच्या खगौलचे, रेल्वेत नोकरी करणाऱ्या घरातले. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं बालपण ज्याला माहीत आहे त्याला ते घर डोळ्यांपुढे येईल: फळीवर उतरंडीने लावलेले डबे, ओट्याशेजारी उपडी घातलेली ताटं. आपल्याकडे तर भांड्यावर नाव घालतात. कोणाच्या लग्नात, कोणी, कोणत्या साली दिलं, ते सगळं तांब्याच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं. पितळेची भांडी मोडीत गेली आणि स्टील आलं तेव्हा घर सुधारल्याचा आनंद होता आणि आजीच्या डोळ्यांत पाणीही होतं. स्टीलच्या डब्यात इतकं सगळं आधीच भरलेलं आहे. शिल्पकाराने ते आत घातलेलं नाही, त्याने फक्त ओळखलं.

याची सुरुवात बरीच जुनी आहे. रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये शांतिनिकेतनात संथाळ आदिवासी कुटुंबाचं शिल्प केलं: कावड घेतलेला बाप, आई, लेकरं, बरोबर कुत्रा, घर पाठीवर घेऊन निघालेली माणसं. ते ब्राँझचं नाही. तिथल्याच लाल मातीतले खडे आणि सिमेंट कालवून उघड्यावर उभं केलेलं आहे. राजे-साहेबांचे पुतळे ब्राँझ-संगमरवराचे होत असताना, मजुरांना त्यांच्याच रस्त्यावरच्या खडीने घडवलं. सामान इथे स्वस्त म्हणूनही आहे आणि खरं म्हणूनही.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तर धातू आणि दगड दोन्ही बाजूला ठेवले आणि तागासारख्या जाड दोरांना गाठी मारत माणसाएवढ्या, माणसाहून मोठ्या आकृत्या उभ्या केल्या. त्यातली एक ‘यक्षी’. कुठे फूल वाटतं, कुठे देवी, कुठे उघडलेलं शरीर. त्यांच्या आकृत्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या आबांचे हात आठवले. अंबाडीचा दोर वळताना ते पायाच्या अंगठ्यात पीळ अडकवत आणि तळव्याने देत जात. दोर हे काम करणाऱ्या हाताचं सामान आहे. आपण त्याला गोठ्यात ठेवलं, मुखर्जींनी त्याला गाभाऱ्यात नेलं.

शीला गौडा कर्नाटकातल्या. १९९२ नंतरच्या दंगलींच्या काळात त्या शेणाकडे वळल्या. सारवायचं, गोवऱ्या थापायचं, पवित्र मानलेलं आणि बायकांच्याच हातून जाणारं शेण. त्यांच्या दुसऱ्या एका कामात सुयांत ओवलेला लांबच लांब दोरा आहे, कुंकू आणि डिंकाने माखलेला. भिंतीवरून, जमिनीवरून तो रक्तवाहिनीसारखा जातो आणि टोकाला सुयांचा झुबका लोंबतो. ज्या घरात कुंकू लावलं जातं, पुसलंही जातं, तिथल्या बाईला याची टीप वाचावी लागणार नाही.

घानात जन्मलेले, नायजेरियात राहून काम केलेले एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची बुचं चपटी करून तांब्याच्या तारेने विणतात आणि भिंतभर सोनेरी शालू तयार होतो. युरोपी व्यापाऱ्यांनी आफ्रिकेत दारू आणली तो काळ माणसं विकण्याचाही होता. शालू सुंदर आहे आणि तो कशाचा आहे हे कळल्यावर हात मागे येतो.

याच्या अगदी उलट टोकाला मुंबईत जन्मलेले अनिश कपूर. शिकागोतलं त्यांचं ‘क्लाउड गेट’ स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, सुमारे शंभर टनांचं. पण सांधे इतके घासले आहेत की स्टील दिसतच नाही, दिसतं आभाळ आणि आपण. तिथे सामानाचं काम नाहीसं होण्याचं आहे.

‘असं तर माझं पोरगंही करेल’

करेल. आणि करावंच. पण भांडी रचणं आणि भांड्यांतून भूक दिसेल अशी रचणं यात फरक आहे. भाकरीचं पीठ, पाणी, तवा सगळ्यांकडे सारखाच असतो आणि तरी कुणाच्या हातची भाकरी आपण लक्षात ठेवतो. सामान साधं असलं की कौशल्य संपत नाही, ते निवडीत आणि मांडणीत जातं. तिथे फसवणूकही सोपी होते, हे मान्य करायला हवं. चार भंगार वस्तू ठेवून शेजारी दोन पानांची टीप चिकटवलेली कामं मीही पाहिली आहेत. टीप काढून घेतली की काही उरत नाही. माझी कसोटी साधी आहे: सामानाचं नाव कळलं की काम वाढतं की तेवढंच राहतं? वाढत असेल तर थांबून बघायचं.

कोटींचं म्हणाल तर तो जमिनीच्या भावासारखा प्रकार आहे. घेणारे थोडे, घेणाऱ्यांची एकमेकांत चढाओढ, आणि एकदा लिलावात आकडा लागला की पुढचा तिथून सुरू. त्या आकड्यावरून काम चांगलं ठरत नाही, वाईटही ठरत नाही. राम सुतारांच्या चंबळेला लिलावात भाव नाही, कारण ती विकायचीच नाही.

‘टिकणार नाही ते शिल्प कसलं?’

हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण ब्राँझवर माझंही प्रेम आहे. गुजरातमधल्या लोथलचे हिम्मत शाह वर्षानुवर्षं मातीची मुंडकी भाजत राहिले, भेगा-खाचांसकट. हडप्पाच्या लोकांची भाजलेली माती ज्या गावात निघाली तिथे जन्मलेल्या माणसाला माती किती टिकते ते ठाऊक होतं. २०२५ मध्ये ते गेले, मुंडकी आहेत.

पण न टिकणारंही आपलं आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीपर्यंत पोरी रोज तिच्यापुढे गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ ओळखतात आणि मग तिला पाण्यात सोडतात. ती पक्की भाजून कपाटात ठेवली तर पुढच्या वर्षी येणार कशी? आजचे काही शिल्पकार मेण, बर्फ, धान्य, कच्ची माती वापरतात ते याच समजुतीने. काम झिजतं, ओघळतं, आणि झिजणं हाच त्याचा विषय असतो. सातपुड्यातले सूर्य, चंद्र, वाघ, नाग कोरलेले लाकडी वाघदेव शिवारात ऊनपावसात उभे असतात. त्यांच्यावर कुणी काच बसवत नाही.

विषय कुठून येतात?

सामानाच्या मागे गेलं की विषय आपोआप सापडतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६ चा, घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत गेलेल्या. शिक्षण शिल्पकलेचं, आणि हातात घेतला कोळसाच. भिंतीच्या भिंती त्याने काढतात, खचलेली जमीन, अर्धी माणसं अर्धी अवजारं. कोळशाने खाण काढणं म्हणजे पिकासोच्या सीटसारखंच, वस्तू स्वतःबद्दल बोलते.

मला आपल्या भागाबद्दल एक विचार बरेच दिवस छळतो. सरदारांचा ब्राँझचा पुतळा ज्या सरदार सरोवर धरणासमोर उभा आहे, त्याच धरणाच्या पाण्यात नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. महाराष्ट्रातलं बुडितातलं पहिलं गाव मणिबेली. पुतळा गोंदूरच्या माणसाच्या हातचा आणि पाणी सातपुड्यातल्या माणसाच्या दारात. दोन्ही खान्देशच. पुतळ्यावर माझा राग नाही, तो सुतारांच्या आयुष्यभराच्या हाताचं फळ आहे. पण समजा, उद्या नंदुरबारच्या एखाद्या मुलीने पाण्यातून वर आलेली घराची सागवानी खांबं गोळा केली आणि ती नुसती उभी केली. ना चेहरा, ना नाव. कोणी विचारलंच, ‘हाई काय शे?’, तर त्या खांबांवरच्या पाण्याच्या रेघा उत्तर देतील. ब्राँझला ते सांगता येणार नाही, आणि खांबांना सरदार उभे करता येणार नाहीत.

शाळेतला एक पोळा

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पोळ्याला मुलांना बाजारातली माती आणायला बंदी केली होती. घरात जे असेल त्याचा बैल करा, एवढंच सांगितलं. पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचे बैल आले, ठिबकच्या नळीच्या तुकड्यांचे आले. एकाने केळीच्या सोपटाचा केला, तो दुपारपर्यंत वाळून वाकडा झाला आणि खरोखर थकलेल्या बैलासारखा दिसायला लागला. सगळे हसले, मीही हसलो, पण गुण मी त्यालाच जास्त दिले.

सहावीतली एक मुलगी नुसता कासरा घेऊन आली. जुना, हातांनी गुळगुळीत झालेला. तिने तो बाकावर ठेवला, वेटोळं घालत घालत बसलेल्या बैलाची पाठ केली, टोक शेपटीसारखं खाली सोडलं. तोंड केलंच नाही.

“बैल कुठाय गं?” मी विचारलं.

“बैल तं इकी टाकात, सर,” ती म्हणाली आणि शेपटीचं टोक नीट केलं.

त्या दिवशी बाकीचे बैल मुलांनी घरी नेले. कासरा मी तिच्याकडून मागून घेतला नाही, तिच्या वडिलांना तो परत हवा होता.